डाव्या पायाचं कळणं

दुपारचं जेवण झालं की मी अजूनही ऑर्गनसमोरच्या स्टुलावर जाऊन बसते. मला वाजवता येत नाही. झाकण उघडते, पट्ट्यांवरून मऊ फडकं फिरवते आणि खिडकीतला उजेड सरकत सरकत खालच्या दोन फळ्यांवर येईपर्यंत नुसती बसून राहते. हिवाळ्यात सांगलीकडून वारा आला तर हवेत हळदीचा वास असतो. डोळे मिटले की कुठलं साल चाललंय याचा पत्ता लागत नाही.

त्या दोन फळ्यांपैकी उजवी पार झिजलेली आहे, एका पुरुषाच्या पावलाच्या आकाराची. डावीवर त्याच्याहून लहान पावलाचा एक चकाकता खोलगटपणा आहे. ते पाऊल माझं. ते तिथे कसं उमटलं हे सांगायचं तर समजपट्टीपासून सुरुवात करावी लागेल.

आताच्या मुलांनी समजपट्टीचं पहिलं रूप पाहिलेलं नसेल. मिरजेच्या दवाखान्यांत ती आली तेव्हा मी साठी ओलांडली होती. कपाळावर बांधायची, बोटभर रुंदीची, राखाडी कापडाची पट्टी. आतल्या बाजूला मोहरीएवढे चांदीसारखे ठिपके. डॉक्टरांचं सांगणं रुग्णाला समजलं की नाही, हे ती सांगायची.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपण कुणाचं बोलणं ऐकतो तेव्हा मेंदू नुसता ऐकत नसतो, पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज बांधत असतो. ‘चहात साखर घाल’ हे ऐकताना ‘घाल’ यायच्या आधीच तो तिथे जाऊन उभा असतो. पण कुणी ‘चहात साखर वाच’ म्हटलं, तर अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत विजेची एक बारीकशी लाट उठते. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं काहीसं. ही लाट शास्त्रज्ञांच्या फार पूर्वीपासून ओळखीची होती. पण ती पकडायला डोक्यावर तारांची टोपी आणि शांत खोली लागायची, आणि ढीगभर वाक्यं ऐकवून सरासरी काढल्याशिवाय ती नीट दिसायची नाही. समजपट्टीने ती गजबजलेल्या ओपीडीत, एकेका शब्दावर टिपायला सुरुवात केली.

डॉक्टरांचं सांगणं पट्टीचं यंत्रच आपल्या गोड आवाजात सांगायचं. ऐकणाऱ्याच्या मेंदूत लाट उठली की तेच वाक्य सोपं करून पुन्हा. तरीही लाट उठली की आणखी सोपं. लाटा शांत झाल्या की भिंतीवरचा दिवा हिरवा. नाहीच झाल्या तर तांबडा, आणि त्याखाली दोन शब्द उमटायचे: आकलन निम्न.

हेतू चांगलाच होता. माझी आई डॉक्टरांसमोर मान हलवत बसायची आणि रिक्षात बसल्यावर मला विचारायची, “काय म्हणाले गं ते?” तिच्या वेळेला ही पट्टी असती तर, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं.

आमच्या ह्यांना, म्हणजे भालचंद्र गुरवांना, गावात सगळे पेटीमास्तर म्हणत. तरुणपणी नाटक कंपन्यांबरोबर फिरून त्यांनी ऑर्गनची साथ केली. कंपन्या उठल्यावर घरी शिकवण्या आणि जुने ऑर्गन दुरुस्त करणं. ऑर्गन म्हणजे पायपेटी. खालच्या दोन फळ्या पायांनी आळीपाळीने दाबायच्या, की आतल्या भात्यात हवा खेळते आणि दोन्ही हात सुरांना मोकळे राहतात. त्यांचं लग्न आधी त्या पायपेटीशी झालं होतं आणि मग माझ्याशी, हे मी केव्हाच मान्य केलं होतं.

साखर त्यांना बरीच वर्षं होती. एका थंडीत डावा पाय बधिर वाटायला लागला, म्हणून आम्ही कृष्णेच्या बाजूच्या नव्या रुग्णालयात गेलो. नर्सने त्यांच्या कपाळावर पट्टी बांधली.

“कोणती पट्टी ही?” त्यांनी विचारलं.

“समजपट्टी, आजोबा.”

“ते झालं. पण काळी दोन की पांढरी चार?”

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. गाणारा ज्या पट्टीवर आपला सूर धरतो ती यांच्या डोक्यात होती. मला हसू आलं. त्यानंतर बराच काळ त्या इमारतीत मला हसू आलं नाही.

“आजोबा, काय त्रास होतोय?” यंत्राने विचारलं.

“डाव्या पायाला कळत नाही.”

आमच्याकडे असंच बोलतात. गार-गरम लागेनासं झालं, टोचलेलं जाणवेनासं झालं, की पायाला कळत नाही. यंत्राने त्यातले शेवटचे दोन शब्द उचलले आणि ते समजवायला बसलं.

“तुमच्या रक्तातली साखर वाढली आहे.”

“वाढलीय. मला माहितीय ते. पायाला कळत नाही म्हणतोय मी.”

“काही हरकत नाही. आपण सोपं करून पाहू. आपलं शरीर म्हणजे एक गाव आहे. गावात रस्ते आहेत.”

“बरं.”

“त्या रस्त्यांवर साखरेच्या मुंग्या आल्या आहेत.”

“मुंग्या आधी यायच्या,” हे म्हणाले. “आता त्याही येत नाहीत.”

दिवा पिवळा झाला होता, तो तांबडा झाला. आवाज आणखी मऊ झाला. “छान प्रयत्न करताय, आजोबा. आता एक गोष्ट ऐकूया का? एक होती मुंगी.”

हे माझ्याकडे वळले. “शैला, हिला सांग, मी हिचा नातू नाही.”

तपासणारे डॉक्टर घाईत होते. त्यांनी भिंतीकडे बघितलं, आकलन निम्न हे वाचलं आणि पुढचं सगळं माझ्याकडे बघून सांगितलं. साखरेची गोळी वाढवली. पायाला त्यांनी हातही लावला नाही.

ते दोन शब्द आमच्या आधी घरी पोचले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दिवा तांबडा लागलेल्या माणसाच्या जवळच्या नातेवाइकाला कळवलं जायचं. निनाद, आमचा मुलगा, पुण्यात पुलांची कामं बघायचा. तो फोन आधी बाबांना लावायचा, आता तो मला लावायला लागला. औषधाच्या दुकानातला गजानन ह्यांना बसवून घेऊन नाट्यपदांवर वाद घालायचा. तो आता ह्यांच्या खांद्यावरून मला म्हणायचा, “काकू, यांना सांगा, ही रिकाम्या पोटी.” कुणी वाईट वागलं नाही. सगळे हळू, स्पष्ट आणि जरा मोठ्याने बोलायला लागले, इतकंच. मीसुद्धा. एकदा गोळी हातावर ठेवताना माझ्या तोंडून गेलं, “ही पाण्याबरोबर घ्यायची हं.”

“पाण्याबरोबर होय?” ते म्हणाले. “मी आपला तबल्याबरोबर घेत होतो.”

मग ते बोलणंच कमी करत गेले. दुपारी ऑर्गनवर बसायचे, तेवढं चालू होतं. त्या दुपारी मला आता स्वप्नातल्यासारख्या आठवतात. पडदा हलतोय, उजेडात धूळ तरंगतेय आणि सूर मधेच किंचित खाली बसतोय, चालता चालता कुणाला डुलकी लागावी तसा. “डावा उशिरा पोचतोय,” ते स्वतःशीच म्हणायचे. पाय फळीवर आहे की नाही हे त्यांना कानाने ओळखावं लागत होतं.

भात्याचं कातडं बसवायला बारीक खिळे लागतात, त्यांना चुका म्हणतात. दुरुस्ती करताना एक चूक खाली पडली आणि त्यांच्या डाव्या तळव्यात घुसली. त्यांना कळलं नाही. मला कळलं ते फरशीवरून. ऑर्गनपासून मोरीपर्यंत जास्वंदीच्या पाकळ्या सांडल्यासारखे ठसे होते. मी वाकून एक पाकळी उचलायला गेले.

पुन्हा तेच रुग्णालय. या वेळी डॉक्टर आफरीन बागवान होत्या, आमच्या निनादपेक्षा लहान. त्यांनी पाय मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिला. बोटं काळी पडत चालली होती आणि काळेपणा वर सरकत होता.

वाटा दोन होत्या. गुडघ्याखाली पाय कापायचा, जखम भरली की घरी यायचं. किंवा पुण्याला न्यायचं. तिथे रुग्णाच्याच पेशींपासून नवी त्वचा आणि रक्तवाहिन्या वाढवून पाय वाचवायचे उपचार निघाले होते. त्यासाठी काचेच्या निर्जंतुक खोलीत सहा महिने राहायचं, कुणाचा हात लागू द्यायचा नाही. पाय वाचेलही. पण तोवर विष रक्तात उतरलं तर माणूस जायची भीती होती.

वाट कोणती धरायची, हे ह्यांना कुणी विचारलं नाही. दिवा तांबडा होता. सही निनाद करणार होता.

तो पुण्याहून आला, ह्यांच्या पायाशी उभा राहिला आणि मला म्हणाला, “मी बाबांचा पाय जाऊ देणार नाही. ऑर्गनशिवाय ते जगतील का, आई? तूच सांग.”

“नाही जगायचे,” मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

“अरे, मी इथंच आहे,” उशीवरून आवाज आला.

“हो बाबा. तुम्ही पडून राहा. काळजी नका करू, आम्ही बघतो.”

हे छताकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, रुसलेलं पाहिलं होतं. पण बोलायचं सोडून दिलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मला पायापेक्षा त्याची भीती वाटली.

डॉक्टर बागवान निनादला पुण्याच्या उपचारांबद्दल सांगायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, “काकांना आजार समजलेला नाही असंच आमच्याकडे पहिल्यापासून आहे. तसं ते स्वतःच म्हणालेत.”

“काय म्हणालेत?” मी विचारलं.

“कळत नाही, म्हणून.”

“मला ऐकवाल?”

त्यांनी यंत्राने साठवून ठेवलेली ती जुनी भेट लावली. माझ्या नवऱ्याचा आवाज खोलीत आला, स्वच्छ आणि जरा वैतागलेला. डाव्या पायाला कळत नाही.

मी म्हणाले, “डॉक्टर, तुमचं गाव कुठलं हो?”

“इथलंच की, काकू. मिरजेचीच मी. का?”

“तुमच्या आजीचा पाय बधिर झाला तर त्या काय म्हणायच्या?”

डॉक्टर बागवान उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. मग स्टूल ओढून सावकाश बसल्या. “पायाला कळंना झालंय, म्हणायची,” त्या म्हणाल्या. “भिंतीला टेकून बसायची आणि पाय चोळत म्हणायची, आफ्री, पायाला कळंना बघ.”

त्यांनी ती भेट पुन्हा सुरुवातीपासून ऐकली. गावापर्यंत, रस्त्यांपर्यंत, मुंगीपर्यंत. कोणत्या शब्दावर लाट उठली होती ते पडद्यावर दिसत होतं.

“हे बघा, काकू,” त्या म्हणाल्या. “वाढलेल्या साखरेला लाट नाही. म्हणजे तोवर सगळं नीट पोचलंय. पहिली लाट आहे ती ‘गाव’ या शब्दाला. शहाण्यासुरत्या माणसाला डॉक्टरकडे येऊन गावाची गोष्ट ऐकायची अपेक्षा नसते. शब्द अनपेक्षित आला, लाट उठली. यंत्राला वाटलं, समजलं नाही. त्याने आणखी सोपं केलं, ते आणखी अनपेक्षित झालं.” त्या निनादकडे वळल्या. “लाट खोटी नाही. ती सांगते की बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची गाठ पडली नाही. आम्ही ती एकट्या ऐकणाऱ्याच्या नावावर टाकून मोकळे होतो.”

“मग आता?” निनाद म्हणाला.

“आता पुन्हा विचारायचं. नीट.”

त्यांनी यंत्राचा आवाज बंद केला. ह्यांच्या कपाळावर पट्टी बांधली, खणातून दुसरी पट्टी काढली आणि निनादपुढे धरली.

“मला कशाला?”

“तुम्ही त्यांच्या वतीने सही करणार होतात ना? त्यांचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचतं का, तेही बघू या.”

भिंतीवर दोन दिवे लागले, बाप आणि मुलगा. डॉक्टर बागवान पलंगाच्या कडेला बसल्या आणि ह्यांच्याशी बोलल्या. आपण शेजाऱ्याशी बोलतो तसं, फार हळू नाही आणि फार मोठ्याने नाही. रक्तवाहिन्या का बंद झाल्या, बधिर पायाला जखम का समजली नाही, कापलं तर काय, वाचवायला गेलं तर काय, जिवाला धोका कशात किती. यातलं काहीही त्यांनी गाळलं नाही. ह्यांचा दिवा हिरवा होता. अवघड शब्द आले तरी हिरवा, कारण न समजलेलं ते तिथल्या तिथे विचारत होते. संपूर्ण बोलण्यात तो फक्त एकदाच पिवळा झाला. डॉक्टर म्हणाल्या, “काका, तुम्हाला काय हवंय?” तेव्हा. असं कुणी विचारेल ही अपेक्षा त्या मेंदूत उरलीच नव्हती.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग निनादकडे.

“कापा,” ते म्हणाले.

निनादचा दिवा भक्कन तांबडा झाला.

सगळे भिंतीकडे बघत राहिले. आकलन निम्न. ह्यांच्या मिशीखाली बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “याला मुंगीची गोष्ट सांगा.”

निनाद हसला नाही. “बाबा, पण ऑर्गन?”

“ऑर्गन ऐकायचाय मला. वाजवेल कुणीही. त्या काचेच्या खोलीत सहा महिने पडून राहू? तुझ्या आईचा हातसुद्धा लागायचा नाही. आणि कुणासाठी? ज्या पायाला पायाखालची फळी कळत नाही, त्याच्यासाठी? जाऊ दे त्याला. मला घरी जायचंय.” त्यांनी दम घेतला. “मी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. पण मला विचारून कापा रे. पाय माझा आहे.”

निनाद पट्टी सोडायला गेला, त्याला गाठ सापडेना. “मला वाटलं, पाय वाचवला की तुम्हाला आनंद होईल.”

“तुझं वाटणं चांगलंच होतं की,” हे म्हणाले. “विचारायचं तेवढं राहिलं. इकडे ये, गाठ सोडतो.”

आणि त्यांनी आपल्या मुलाच्या डोक्यामागची गाठ सोडली, तो लहान असताना त्याच्या टोपीची सोडायचे तशी. मी खिडकीकडे तोंड केलं. मीही नाहीच विचारलं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पाय कापला. तिसऱ्या आठवड्यात ते घरी आले.

डॉक्टर बागवानांनी पुढे पट्टी बनवणाऱ्यांशी बराच काळ भांडण मांडलं. तांबड्या दिव्याखालचे शब्द बदलायला त्यांना दोन हिवाळे लागले. आता तिथे येतं, ‘आमचं सांगणं अजून पोचलेलं नाही.’ एवढाच बदल. पण ते वाचून सांगणारा घसा साफ करतो आणि पुन्हा बोलायला लागतो. ऐकणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. आता पट्ट्याही दोन असतात, एक सांगणाऱ्याला आणि एक ऐकणाऱ्याला. पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच्या कपाळावर बांधून घेतली आणि हे त्यांना संगीत नाटकांतल्या गमती सांगत बसले. दोन्ही दिवे कधी पिवळे होत, कधी हिरवे, काठावरच्या पाण्यात ऊन हलतं तसे.

घरी ऑर्गन वाट पाहत होता. नुसत्या उजव्या पायाने हवा पुरेना, सूर धापा टाकायचे. एका दुपारी मी पाट टाकून भांडी घासत होते, ती तशीच सोडली, हात पुसले आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. स्टूल दोघांना अपुरं होतं.

“टाच टेक,” ते म्हणाले. “दाब. सोड. अगं, चपाती नाही ती, इतका जोर नको.”

पहिले काही दिवस माझी फळी कुठल्या कुठे आणि त्यांची कुठे. मग मी मोजणं सोडलं आणि त्यांच्या खांद्याकडे लक्ष ठेवायला लागले. श्वास घेताना खांदा वर जायचा, त्याच्यामागून माझा पाय. हळूहळू खांद्याकडेही बघावं लागेना.

ती दुपार अशीच हळदीच्या वासाची होती. ते डोळे मिटून वाजवत होते, फार संथ, गाव झोपलेलं असताना वाजवावं तसं. सूर कुठेही बसला नाही. वाजवणं संपल्यावर त्यांनी हात पट्ट्यांवर तसेच ठेवले.

“शैला, आत्ता तू दाबत होतीस?”

“मीच की. दुसरं कोण येणार?”

“मला वाटलं, मी दाबतोय.” त्यांनी डोळे उघडून खाली पाहिलं, धोतराच्या मोकळ्या घडीकडे. “फळी गार होती. पुढून जरा खरबरीत. टाचेखाली खिळ्याचं डोकं लागत होतं.”

मी फळीकडे पाहिलं. टाचेखाली खिळ्याचं डोकं होतंच.

डॉक्टर बागवानांना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, पाय गेला तरी मेंदूतली पायाची जागा पुसली जात नाही. बधिर पायाकडून तिथे कितीतरी दिवस काही येत नव्हतं. आता कानावाटे, आठवणीतून, माझ्या मांडीला लागून बसलेल्या त्यांच्या मांडीतून जे येईल ते ती जागा आपलं म्हणून घेते. खिळ्याचं डोकं त्यांच्या जन्मभराच्या ओळखीचं होतं, असं त्या म्हणाल्या. असेल तसंच.

त्या दुपारी मात्र मला एवढं सगळं माहीत नव्हतं. ते माझ्याकडे वळले होते. चेहरा असा, की नव्या पाहुण्याची बातमी सांगायला आलेत.

“डाव्या पायाला कळतंय गं,” ते म्हणाले.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. उजेड फळ्यांवर आला की मी डावा पाय ठेवते. टाचेखाली गार लागतं. मी एकदाच दाबते. वर पट्टीवर बोट नसतं, त्यामुळे सूर निघत नाही, नुसता भाता भरतो. मग उजवी फळी आपली आपणच थोडी हलते. दोन्ही भाते आतून एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून.